हॅलोबाईंचे शहाण्णव टक्के

हॅलोबाई आमच्या वॉर्डात आल्या त्या दिवशीच माझं त्यांच्याशी वाजलं. ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेर एक टेबल होतं. त्यावर बावीस वर्षं मी माझा डबा, पर्स आणि चष्म्याची पेटी ठेवत आले होते. त्या दिवशी येऊन बघते तर डबा खुर्चीवर, पर्स डब्यावर, आणि टेबलामागे पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. समोर टॅबलेट, टॅबलेटखाली हातरुमालाची घडी.

"हे टेबल ड्रेसिंगचं आहे," मी म्हटलं.

"होतं. आता प्रकल्पाचं आहे. सहीशिक्क्याचा कागद आहे माझ्याकडे. दाखवू?"

आवाज इतका गोड की भांडण पुढे रेटता येईना. मी डबा उचलला आणि मनातल्या मनात बाईंच्या नावावर फुली मारली.

आमचा वॉर्ड लहान मुलांच्या ऑपरेशनांचा. अपेंडिक्स, हर्निया, जन्मापासूनच्या काही ना काही दोषाची दुरुस्ती, आणि अधूनमधून कुणी गिळलेलं नाणं. मी इथली ड्रेसिंगची सिस्टर. मुलं मला नुसतं बघून भोकाड पसरतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बाई मूळच्या टेलिफोन एक्सचेंजच्या. आमच्याच हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एकोणतीस वर्षं कानाला हेडफोन लावून त्यांनी अख्खी इमारत एकमेकांना जोडून दिली होती. कोणता विभागप्रमुख बायकोशी भांडून आलाय, कोण रजेचा अर्ज टाकायला फोन करतंय आणि कोण खरंच आजारी आहे, हे त्यांना नुसत्या 'हॅलो'वरून कळायचं. म्हणून नाव पडलं हॅलोबाई. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, एक्सचेंजची किणकिण बंद झाली, आणि एक दिवस ती खोली सलाइनच्या खोक्यांना देऊन टाकली. बाईंना निवृत्त व्हायला अजून दीड वर्ष होतं. त्यांना ठेवायचं कुठे हे कुणाला कळेना. खोक्यांबरोबर ठेवता येईना म्हणून आमच्याकडे पाठवलं.

घरी नवरा. तो चाळीस वर्षं पत्रा ठोकायच्या कारखान्यात होता, त्यामुळे कानाने अधू. काहीही विचारा, तो "हो" म्हणतो. जेवलात का, हो. औषध घेतलंत का, हो. गॅस बंद केला का, हो. गॅस चालू असतो. बाई म्हणायच्या, "दिवसभर सगळ्यांचं ऐकायचं आणि घरी जाऊन आपलं न ऐकणाऱ्याशी बोलायचं. देवाने हिशेब बरोबर जमवलाय."

प्रकल्प होता आमच्या एका तरुण डॉक्टरांचा. त्यांना आम्ही प्रश्नवाले डॉक्टर म्हणतो. शिडशिडीत, चष्मा सतत नाकावर घसरणारा, आणि एवढा उत्साह की बघणाऱ्याला धाप लागावी. त्यांचं म्हणणं असं की मूल घरी गेलं की पुढे त्याचं काय होतं हे आपल्याला कळतच नाही. टाके काढायला आलं तर कळतं, नाही आलं तर देवाला ठाऊक. म्हणून घरी सोडल्यावर चौदा दिवस रोज सकाळी पालकांच्या फोनवर सहा प्रश्न पाठवायचे. ताप आहे का, जेवतंय का, उलटी झाली का, जखम कशी आहे, दुखणं शून्य ते दहा किती, आणि शेवटी पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत: तुम्हाला किती काळजी वाटते? काही बिघडलेलं दिसलं की डॉक्टरांच्या स्क्रीनवर त्या मुलाची ओळ लाल. सगळं ठीक असलं की हिरवी. लाल ओळीला फोन करायचा, हिरवीला करायचा नाही.

"हिरवीला का नाही?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आपण फोन केला की लोक आपल्याला बरं वाटेल ते सांगतात," डॉक्टर म्हणाले. "स्क्रीनला कुणी लाजत नाही."

कल्पना चांगली होती. मी ती तेव्हाही चांगलीच म्हटली होती, फक्त मोठ्याने म्हटली नव्हती. मोठ्याने म्हटलं असतं तर माझ्याही हातात एक टॅबलेट आला असता.

बाईंचं काम सोपं होतं. मुलाला घरी सोडायच्या दिवशी पालकांना टेबलाशी बसवायचं, प्रश्न दाखवायचे, फोन नंबर टॅबलेटमध्ये भरायचा. पहिल्या महिन्यात शंभरातल्या एकतीस जणांनी उत्तरं दिली. बाकीच्यांनी मेसेजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काही आयांकडे बटणांचा फोन, त्यात चेहरे उमटायचेच नाहीत. काहींना वाटलं ही परीक्षा आहे आणि नापास झालो तर पोराला परत ऑपरेशनला घेतील. डॉक्टरांचा चेहरा त्या पाचव्या चेहऱ्यासारखा झाला. बाईंना ते बघवेना. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःचंही बघवेना. एक्सचेंज गेल्यापासून त्यांना हॉस्पिटलात कुणी काही विचारत नव्हतं, आणि हे दुसरं कामही बुडतंय म्हटल्यावर त्या घासभर जेवून डबा बंद करायला लागल्या.

मग एके दिवशी त्यांनी आपली युक्ती काढली. सगळं रामायण तिथून सुरू झालं. पालक टेबलाशी बसले की बाई "आईचा नंबर सांगा" असं म्हणेनाशा झाल्या. त्या विचारायच्या, "तुमच्या घरात सगळ्यात पटापट फोन कोण चालवतं?"

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक घराला पाठ असतं. कुणी मामाकडे बोट दाखवलं, कुणी कॉलेजातल्या दादाकडे, कुणी शेजारच्या काकांकडे. बाईंनी तोच नंबर लिहिला. महिनाभरात एकतीसचे सत्तर झाले, आणि तीन महिन्यांनी शहाण्णव.

शहाण्णव! प्रश्नवाले डॉक्टर वॉर्डात अक्षरशः तरंगत होते. आमच्या विभागाचे मोठे सर, जे बाळ जन्मलं तरी "हं" एवढंच म्हणतात, ते बाईंच्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "छान." सूचनाफलकावर बाईंचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं 'प्रतिसादाच्या शिल्पकार'. मी बाईंना म्हटलं, "आता पुतळाच बाकी." त्या इतक्या लाजल्या की त्या दिवशी माझा डबा त्यांनी स्वतः टेबलावर आणून ठेवला. माझी फुली पुसली गेली ती तिथे. मला लोकांनी जागा दिली की मी विरघळते, हा माझा जुना दोष आहे.

पुढच्या आठवड्यात एक समिती येणार होती. तिला हे काम पटलं तर ते सगळ्या वॉर्डांत सुरू होणार होतं आणि बाईंच्या हाताखाली चार जणी येणार होत्या. समितीसमोर दोन आदर्श पालकांनी चार शब्द बोलावेत, अशी प्रश्नवाल्या डॉक्टरांची इच्छा. आदर्श म्हणजे ज्यांनी एकही दिवस न चुकता उत्तरं दिली ते. बाईंनी यादी काढली. सगळ्यात वरचे एक वडील होते. सात वर्षांची मुलगी, फुटलेलं अपेंडिक्स, ऑपरेशन करून घरी पाठवून आठ दिवस झालेले. आठही दिवस उत्तरं आली होती, आणि तीही मेसेज गेल्यावर मिनिटभरात. ताप नाही, उलटी नाही, जेवण छान, जखम कोरडी, दुखणं शून्य, चेहरा हसरा. आठ दिवस हिरव्यावर हिरवं.

"याला म्हणतात बाप," बाई म्हणाल्या आणि फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला. मी त्या वेळी पट्ट्यांचे बंडल मोजत होते, दुपारचे बारा वाजले होते.

पलीकडून इंजिनाची घरघर आणि एक लांबलचक हॉर्न आला.

"बोला मॅडम! थांबा, गाडी बाजूला घेतो."

बाईंनी तोंडभर कौतुक केलं. गडी खूश झाला. मग त्या म्हणाल्या, "जरा छोकरीला द्या बघू, तिलाही शाबासकी देते."

"मुलगी घरी आहे मॅडम. मी टँकर घेऊन निघालोय. तिला घरी सोडलं आणि त्याच संध्याकाळी निघालो. अजून तीन दिवस लागतील यायला."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पट्ट्या मोजायची थांबले.

"मग उत्तरं?"

"मीच भरतो की. फोन माझा आहे ना. तिच्या आईकडे साधा फोन आहे, बटणांचा. तुम्हीच म्हणालात, पटापट चालवणाऱ्याचा नंबर द्या."

"पण तुम्हाला कळतं कसं, दुखतंय की नाही?"

"बायकोला विचारतो."

"रोज?"

इथे इंजिन तेवढं बोलत राहिलं.

"पहिले तीन दिवस विचारलं," तो म्हणाला. "ती म्हणते सगळं ठीक. रोज तेच. मग मेसेज आला की भरून टाकतो. नाही भरलं की तुमचा दुसरा मेसेज येतो, मग तिसरा. गाडी चालवताना किती वेळा बघणार? का हो मॅडम? काही झालंय का?"

त्याचा आवाज एका क्षणात बदलला. बाईंनी त्याला धीर दिला, बायकोचा नंबर घेतला आणि फोन ठेवला. हिरव्या ओळीला फोन करायचा नाही या नियमाची मी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती. मी दिली नाही. नियमांची आठवण करून देण्यासाठी हॉस्पिटलात पुष्कळ माणसं पगार घेतात.

आईने दुसऱ्या रिंगला उचलला.

"हॅलो, मी मुलांच्या हॉस्पिटलातून—"

"सगळं ठीक आहे ताई, काही त्रास नाही."

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "विचारायच्या आधी सांगितलं हिने. एकोणतीस वर्षं ऐकतेय मी हे. ज्याचं ठीक असतं तो आधी 'कोण बोलतंय' विचारतो."

हात काढून त्यांनी शांतपणे विचारायला सुरुवात केली. ताप? थोडी कणकण असते, संध्याकाळची. किती दिवस? चार दिवस झाले असतील. जेवते? जेवणावर वासना नाही तिची, पण ती आधीपासूनच चिमणीएवढी खाते. हे मिस्टरांना सांगितलं? नाही. ते एवढी मोठी गाडी घेऊन निघालेत, त्यांच्या डोक्याला कशाला घोर? आले की सांगणार होते.

"अहो, मग आम्हाला तरी कळवायचंत!" बाईंचा आवाज चढला. मी तो कधी चढलेला ऐकला नव्हता.

"तुम्हाला माहीतच असणार ना," ती आई म्हणाली. "यांच्या फोनवर रोज विचारता तुम्ही. काही वाईट असतं तर तुम्हीच बोलावलं असतं. मला वाटलं, तुमचं लक्ष आहे."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. खरोखरच तसं वाटत होतं तिला. बाप आईवर विसंबला, आम्ही बापावर, आणि ती आमच्यावर. मधल्या मध्ये ती सात वर्षांची पोर कणकणत पडली होती आणि आमच्या स्क्रीनवर हसरा चेहरा होता.

"मुलीला फोन द्या," बाई म्हणाल्या.

मुलगी आली. आवाज बारीक. "मला दुखत नाही आता," तीही न विचारता म्हणाली. सगळं घरच एका माळेचे मणी.

मी बाईंच्या कानाशी लागले. "तिला उडी मारायला सांगा. पोटात काही साचलं असलं तर मूल उडी मारत नाही."

"एक उडी मार बघू," बाई म्हणाल्या. "मला इथे धप्प ऐकू आलं पाहिजे."

धप्प काही आलं नाही.

"मारतेस ना?"

"आई नको म्हणते."

मागून आईचा आवाज आला, "मी कधी म्हटलं गं?"

मग पोर फोनच्या अगदी जवळ येऊन कुजबुजली. "दुखतं म्हटलं की परत तिकडे आणून सुई टोचतात."

आमच्यासारख्या बायका अशा वेळी सर्रास थापा मारतात. टोचणार नाही हं बाळा, नुसतं बघणार. मीही हजारदा मारल्यात. बाई म्हणाल्या, "टोचतील गं. खोटं कशाला सांगू? पण मग बरं वाटेल. कुठे दुखतं ते सांग."

"उजवीकडे. आणि शू करताना."

"कधीपासून?"

"बाबा गेल्यापासून," ती म्हणाली.

दोन तासांत शेजाऱ्यांच्या गाडीतून मायलेकी आल्या. मुलगी पोटावर हात धरून, कमरेत वाकून चालत होती. मी तिला आतल्या टेबलावर घेतली आणि पट्टी काढली. जखम कोरडी होती. स्वच्छ, देखणी, एक थेंब नाही. बापाने भरलेल्या सहा उत्तरांतलं एक उत्तर तंतोतंत खरं होतं, आणि त्याच्याच मागे, पोटाच्या आत, मूठभर पू साचला होता. सोनोग्राफीत दिसला. मोठ्या सरांनी त्याच दुपारी नळी घालून तो काढला. बाहेर येऊन ते म्हणाले, "अजून दोन दिवस गेले असते तर—" आणि पुढचं बोलले नाहीत. ज्या वाक्याची त्यांना भीती वाटते ते अर्धंच सोडतात. आम्ही सगळे ते वाक्य पूर्ण करायला शिकलो आहोत.

मुलगी वाचली. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण उगाच कुणाचा जीव टांगणीला लावायला मला आवडत नाही.

बाई मात्र टेबलाशी बसल्या त्या उठेनात. मी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

"नंबर मी लिहिला तो," त्या म्हणाल्या.

"त्या बापानेच दिला."

"मी मागितला म्हणून दिला. आईचा द्यायला निघाला होता बिचारा. मी म्हटलं, बटणांचा नको." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, असे किती असतील?"

पुढचे तीन दिवस बाईंनी दुसरं काही केलं नाही. हिरव्या असोत की लाल, यादीतल्या दोनशे चौदाच्या दोनशे चौदा घरांना त्यांनी फोन लावले. एकच विचारायचं: रोजची उत्तरं कोण भरतं, आणि त्याने आज मूल डोळ्यांनी पाहिलंय का? मी ड्रेसिंगच्या मधल्या वेळात कागदावर रेघा मारत होते.

रेघांनी आमचे धिंडवडे काढले. एक मामा दुसऱ्या शहरातून भाचीचा ताप सांगत होता. त्याने भाचीला शेवटचं पाहिलं होतं तेव्हा तिला दात नव्हते. एक फोनदुरुस्तीचं दुकान चालवणारा दादा गल्लीतल्या चार घरांची उत्तरं एकत्र भरायचा, चारही पोरांना एकसारखं दीड दुखायचं. आणि एक मुलगा असा होता, ज्याचं ऑपरेशन सर्दीमुळे पुढे ढकलून आम्ही त्याला तसाच घरी पाठवला होता. यादीतून त्याचं नाव काढायचं राहून गेलं. त्याच्या चुलतभावाने चौदा दिवस निष्ठेने कळवलं होतं की जखम कोरडी आहे आणि टाके छान आहेत. मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती ओळ स्वच्छ अक्षरात लिहून घेतली.

ज्या दोनशे पाच घरांनी उत्तरं दिली होती त्यांतल्या त्र्याऐंशी घरांत उत्तर देणारा मुलाजवळ नव्हताच. त्या त्र्याऐंशीतली दोन मुलं बाईंनी बोलावून घेतली. एकाला नुसता ताप होता. दुसऱ्याच्या टाक्यांची मी दोन दिवस मनात शिव्या घालत सफाई केली.

तो कागद घेऊन बाई प्रश्नवाल्या डॉक्टरांकडे गेल्या. मीही गेले, दाराला टेकून उभी राहिले. मला तमाशा चुकवायचा नव्हता, आणि बाईंना एकटं सोडायचंही नव्हतं. दोन्ही खरं आहे.

डॉक्टरांनी कागद वाचला. परत वाचला. चष्मा घसरला तो त्यांनी वर केला नाही.

"हे... हे समिती होऊन गेल्यावर नीट बघू या का?" ते म्हणाले. "परवाच तर आहे."

माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं रात्रंदिवस खपला होता त्या सहा प्रश्नांसाठी. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "आणखी एखादं पोर आत्ता घरात वाकून चालत असेल, तर त्याला काय निरोप देऊ? समिती झाल्यावर ये म्हणून?"

बाईंनी कागद परत उचलला. आम्ही निघून आलो.

समिती आली. पाच माणसं, पाच पाण्याच्या बाटल्या, आणि मध्ये बिस्किटांची बशी, जिला पहिला हात कुणी लावायचा यावर सगळ्यांचं एकमेकांकडे लक्ष. भिंतीवर भला मोठा आकडा उमटला: शहाण्णव टक्के. डॉक्टर उभे राहिले. चष्मा काढून पुसत राहिले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायची छाती होत नव्हती.

तेव्हा बाई उठल्या. हातात तोच कागद होता. एक्सचेंजचा आवाज तसाच होता, स्वच्छ आणि गोड.

"या शहाण्णवांतले सत्तावन्न खरे आहेत," त्या म्हणाल्या. "बाकीचे मी जमवले. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. उत्तरं भराभर यावीत म्हणून मी चुकीच्या माणसांचे नंबर लिहिले. एक मुलगी त्यापायी मरता मरता वाचली. ती वरच्याच मजल्यावर आहे, बघायची असेल तर चला."

कुणी बघायला आलं नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पण मग तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला ते शहाण्णव फार आवडले होते," बाई म्हणाल्या.

बिस्किटं तशीच राहिली. ती नंतर मी वॉर्डात आणून वाटली.

व्हायचं ते झालं. इतर वॉर्डांचा बेत लांबणीवर पडला, हाताखालच्या चार जणी आल्याच नाहीत, सूचनाफलकावरून फोटो गेला आणि तिथे पार्किंगचे नियम लागले. प्रश्नवाले डॉक्टर आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. मग एक दिवस येऊन त्यांनी टॅबलेट उघडून दाखवला. सहा प्रश्नांच्या वर सातवा आला होता: तुम्ही आज मुलाला स्वतः पाहिलंत का? 'नाही' म्हटलं की बाकीचे प्रश्न येतच नव्हते, आणि ती ओळ ना हिरवी ना लाल, पांढरी राहायची. पांढऱ्या ओळींना फोन करायचा. आकडा घसरत बावन्नवर आला. डॉक्टर म्हणाले, "बावन्न." बाई म्हणाल्या, "बावन्न." दोघांनी तो आकडा कडू औषधासारखा गिळला.

महिन्याने ती मुलगी शेवटच्या तपासणीला आली. आई होती बरोबर. बाप पुन्हा टँकर घेऊन गेला होता. मुलीने वॉर्डात शिरल्या शिरल्या मला ओळखून आईच्या पाठीमागे दडी मारली, म्हणजे तब्येत उत्तम होती. मोठे सर तिला बघून "हं" म्हणाले. राहता राहिली शेवटची प्रश्नावली, आमच्या सेवेबद्दलची. ती टेबलाशी बसून भरायची असते.

आईने टॅबलेट हातात घेतला. सगळे प्रश्न नीट वाचून उत्तरं दिली. मग पाच चेहरे आले: एकूण अनुभव कसा वाटला? तिचं बोट त्यांच्यावरून फिरलं, थांबलं, आणि तिने बाईंकडे पाहिलं.

"वाईट दिलं तर तुम्हाला त्रास होईल का?" तिने विचारलं.

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "जे वाटतं ते दाबा."

तिने चौथा चेहरा दाबला. रडका नाही, त्याच्या अलीकडचा. खाली जागा आली: आणखी काही सांगायचं आहे? ती त्या अक्षरांच्या पाटीकडे बघत राहिली. तिचं बोट अक्षर शोधत होतं आणि भलतंच सापडत होतं. एक ओळ तीनदा पुसली.

"मला नाही जमत हे. तुम्हीच लिहा ना ताई. मी सांगते."

पालकांचं उत्तर कर्मचाऱ्याने लिहायचं नाही हा नियम आहे. बाईंनी टॅबलेट स्वतःकडे ओढला आणि चष्मा चढवला. "सांगा."

"लिहा, की... माझी मुलगी चार दिवस आजारी होती आणि मला वाटलं हॉस्पिटलचं लक्ष आहे."

बाईंनी लिहिलं. त्यांचा हात चांगला चालतो.

"पण लक्ष नव्हतं," आई म्हणाली.

बाईंनी तेही लिहिलं.

"टेबलावरच्या ताईंनी माझा नंबर घ्यायला पाहिजे होता." ती जरा घुटमळली. "त्यांचं चुकलं, असं लिहिता येतं का? की ते फार होईल?"

"लिहिता येतं की."

मी दारात उभी होते, हातात कात्री. पुढचं मूल आत टेबलावर माझी वाट बघत रडत होतं. मला खूप वाईट वाटत होतं, आणि आत जाववत नव्हतं.

बाईंनी शेवटचं अक्षर लिहिलं, टॅबलेट थोडा लांब धरला आणि सगळं पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही, कुठे आवाज उतरला नाही.

"बरोबर आहे?" त्यांनी विचारलं.

"हो," आई म्हणाली.

"मग पाठवते," असं म्हणून बाईंनी बटण दाबलं.